स्प्लेंडरचा आवाज, आणि त्याआधी ऑईलचा हिशेब

साताऱ्याहून एकांनी विचारलंय. वडिलांची २००७ सालची हीरो होंडा स्प्लेंडर प्लस आहे, मीटरवर ८२ हजार किलोमीटर. सकाळी सुरू केली की डाव्या बाजूने खरखर येते. गाडी तापली की कमी होते, पण पूर्ण जात नाही. महिनाभरापासून यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ठकठकही ऐकू येते. मागच्या खेपेला ऑईल बदलायला नेली तर २,००० किलोमीटरमध्ये अर्धा लिटर कमी झालेलं निघालं. धूर मात्र दिसत नाही म्हणतात. पहिला मेकॅनिक म्हणाला टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची फट) सेट करू, दुसऱ्याने फुल इंजिनचे, म्हणजे क्रँकसकट सगळं इंजिन उघडून बांधायचे, ११ हजार सांगितले, तिसऱ्याने 'विकून टाका' म्हणून हात झटकले. आता ऐकायचं कोणाचं? आणि शेवटी एक शंका: बोअर केल्यावर, म्हणजे घासलेला सिलिंडर किंचित मोठा कापून नवा पिस्टन टाकल्यावर, अ‍ॅव्हरेज पडतं का?

मी कोल्हापुरात उद्यमनगराच्या कडेला गॅरेज चालवतो, २६ वर्षं झाली. इतक्या वर्षांत उघडलेली निम्मी इंजिनं तरी याच घराण्यातली असतील, सीडी १०० पासून स्प्लेंडरपर्यंत. गाडी समोर नाही, आवाज कानावर पडलेला नाही, त्यामुळे 'हेच आहे' असं छातीठोक सांगणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यातच बरंच उत्तर आहे. फक्त तुम्ही ते उलट्या क्रमाने लिहिलंत. आवाज आधी, ऑईल नंतर. मी ऑईलपासून सुरुवात करतो.

पहिली गोष्ट, तुम्ही एक आवाज सांगत नाही आहात, दोन सांगताय. सकाळची डावीकडची खरखर वेगळी आणि घाटातली ठकठक वेगळी. तिघा मेकॅनिकांनी तीन उत्तरं दिली यात मला नवल वाटत नाही. पहिल्याने उभ्या गाडीवर ऐकलं असणार, दुसऱ्याने एक फेरी मारली असणार आणि तिसऱ्याने मॉडेलचं साल बघितलं असणार. पण त्या दोन आवाजांच्या पोटात एकच कारण असू शकतं, ते म्हणजे कमी होणारं ऑईल. या इंजिनात सगळं मिळून लिटरभराच्या आतबाहेर ऑईल असतं. गिअर, क्लच, क्रँक (पिस्टन फिरवतो तो दांडा), कॅम (व्हॉल्व्ह उघडतो तो दांडा), सगळे त्याच ताटात जेवतात. त्यातलं अर्धा लिटर गेलं तर शेवटचे काही शे किलोमीटर तुमचं इंजिन जवळपास कोरडं चाललंय.

आता ते आवाजाला कसं कारण होतं बघा. कॅम फिरवणारी टायमिंग चेन या इंजिनात डाव्या बाजूला, मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) अंगाला असते. ती ताणून धरणारा टेन्शनर खालच्या बाजूला बसतो आणि स्प्रिंगबरोबर तेलाचाही त्याला आधार असतो. ऑईल कमी किंवा पातळ झालं, की टेन्शनर मऊ पडतो, चेन हेलकावे खाते आणि खरखर सुरू होते. दुसरीकडे, गेलेलं ऑईल बाहेर गळत नसेल तर ते जळतंय, आणि जळालेल्या ऑईलचा कार्बन हेडमध्ये (व्हॉल्व्ह असतात त्या सिलिंडरच्या झाकणात) व पिस्टनच्या टाळूवर थापला जातो. तो थर गरम राहतो, मधली जागाही कमी करतो, आणि घाटात इंजिनवर जोर आला की पेट्रोल वेळेआधीच भडकतं. त्याचा आवाज होतो. म्हणजे तुमचा खरा प्रश्न 'आवाज कसला' हा नाही, 'ऑईल जातंय कुठं' हा आहे. तो सुटला की इंजिन उघडायचं का, किती उघडायचं, हे आपोआप पुढे येतं.

तर आधी ऑईल नीट मोजा. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी. तीनचार मिनिटं चालवून बंद करा, दोनतीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून आत घालायची नाही. याबाबतीत अर्धं गाव चुकतं: आटे आवळून बघितलं की पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि माणूस निश्चिंत होतो. साइड स्टँडवर बघितली तर आणखी वेगळं. मग मीटरचा आकडा वहीत लिहा, आणि दर ३०० किलोमीटरला बघत चला. ऑईल १०डब्ल्यू३० ग्रेडचं आणि डब्यावर जासो एमए (बाइकच्या ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची खूण) लिहिलेलं घ्या. कारचं ऑईल घालू नका, काहींत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि याचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला आहे, तो घसरायला लागतो. आवाज दबावा म्हणून जाडजूड ऑईल भरायची एक पद्धत आहे. गाडी विकणाऱ्यासाठी ती चांगली, ठेवणाऱ्यासाठी नाही.

मोजणी सुरू केली की बाहेरची गळती तपासा. इंजिन रॉकेलने धुऊन कोरडं करा, आठवडाभर चालवा आणि बघा: गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, पुढच्या स्प्रॉकेटच्या मागचं सील, हेडची पॅकिंग, ड्रेन नट. स्प्रॉकेटमागचं सील गळत असेल तर ऑईल चेनवर जातं आणि चेनचं वंगण समजून कुणी लक्ष देत नाही. असं दहा रुपयांच्या सीलपायी फुल इंजिनचा अंदाज घेऊन आलेले लोक मी पाहिलेत.

बाहेर गळत नसेल तर जळतंय. तुम्ही म्हणता धूर नाही. हिशेब करू: २,००० किलोमीटरला ५०० मिलिलिटर, म्हणजे किलोमीटरला पाव मिलिलिटर. एवढा धूर चालवणाऱ्याला आरशात दिसत नाही. मागून येणाऱ्याला दिसतो. तुमच्याकडे तर यवतेश्वरासारखी प्रयोगशाळा आहे. मित्राला दुसऱ्या गाडीवर मागे ठेवा. घाट चढताना निळसर धूर सतत राहिला तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकावर, संशय. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून, थ्रॉटल बंद करून या, आणि खाली आल्यावर एकदम थ्रॉटल द्या. तेव्हाच निळा लोट निघाला तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी). थ्रॉटल बंद असताना आत ओढ तयार होते आणि ढिल्या गाइडमधून ऑईल शोषलं जातं, ते साठतं आणि मग एकदम जळतं. सकाळी पहिल्या किकला जरासा लोट येऊन थांबत असेल तर तेही व्हॉल्व्ह सीलचंच लक्षण. हा फरक पैशाचा आहे. नुसते सील आणि गाइड असतील तर हेडचं काम, बोअरला हात लावायची गरज नाही.

आता आवाजाकडे. सकाळची खरखर ऐकताना माझा पहिला नियम असा की इंजिन ऐकायच्या आधी इंजिनच्या भोवतीचं ऐकावं. सायलेन्सरच्या कव्हरचा बोल्ट, पायट्यांचे रबर, इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट, ढिली मागची चेन आत कव्हरला घासणं, हे सगळे इंजिनच्या नावावर बिलं फाडतात. सायलेन्सरचा पाइप हेडला जिथं बसतो तिथली पॅकिंग फुटली असेल तर 'टिक् टिक्' असा हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो. थंडीत जास्त, पत्रा तापून फुगला की कमी. तिथे काळी काजळी दिसली की समजायचं. पाण्यात भिजवलेलं फडकं हाताला गुंडाळून सायलेन्सरचं मागचं तोंड क्षणभर दाबा. गळती असेल तर पुढून फुसफुस वाढते.

मग क्लच दाबून बघा. न्यूट्रलमध्ये चालू गाडीवर क्लच दाबला आणि खडखड थांबली, तर ती क्लचच्या हाउसिंगमधली किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगची. क्लच या इंजिनात उजवीकडे आहे, तुमचा आवाज डावीकडून येतो, त्यामुळे शक्यता कमी. पण पाच सेकंदांत होणारी तपासणी सोडायची कशाला?

मग लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, दांडा कानामागच्या हाडाला टेकवा आणि टोक एकेका ठिकाणी ठेवा: हेडवर, ब्लॉकवर (पिस्टन ज्यात फिरतो त्या सिलिंडरवर), मॅग्नेटच्या कव्हरवर, क्लचच्या कव्हरवर. फिरत्या भागांपासून जपून. जिथं आवाज सर्वांत टोकदार, तिथं तो जन्मतो. नवखा माणूस आवाज मोठा आहे का हे ऐकतो. ऐकायचं असतं ते कुठे आणि कोणत्या तालात.

ताल हा शब्द मी मुद्दाम वापरला. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एक फेरा मारतो. हे इंजिन मिनिटाला सुमारे १,४०० फेऱ्यांवर रिकामं धडधडतं, म्हणजे सेकंदाला क्रँकचे साधारण २३ फेरे आणि कॅमचे १२ च्या आत. मोजता येत नाहीत, पण फरक कळतो. सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर तळहात धरा. प्रत्येक फटक्याला एक टिक् लागत असेल तर आवाज कॅमच्या तालात आहे, टॅपेट, रॉकर, किंवा ती पाइपची गळती. एका फटक्याला दोन लागले तर क्रँकच्या तालात. एक पळवाट सांगून ठेवतो, नाहीतर लोक पुढे मला दोष देतील: बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) ढिला असला तरी तो जास्त करून स्फोट होतो तेव्हाच ठोकतो, म्हणजे तोही एका फटक्याला एकच. पिस्टनचंही तसंच. म्हणून तालाने टॅपेट पक्का होत नाही, फक्त दिशा कळते. जागा आणि ताल दोन्ही जुळले तर विश्वास ठेवा.

तुमच्या वर्णनातली 'थंडीत जास्त, तापल्यावर कमी' ही खूण दोन ठिकाणी लागू पडते. एक, घासलेल्या बोअरमध्ये पिस्टन आपटणं. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, तापला की फुगतो, फट भरते, आवाज कमी होतो. पण तो आवाज बोदा असतो, रिकाम्या डब्यावर बोट वाजवल्यासारखा, आणि ब्लॉकवर सर्वांत जास्त लागतो. दोन, टायमिंग चेन. ती खरखरते, वाळू चाळल्यासारखी, आणि थ्रॉटल सोडताना एका ठरावीक वेगाला जास्त कानावर येते. तुम्ही खरखर म्हणताय, डावीकडे म्हणताय, त्यामुळे माझा कौल चेनला. ऑईल पातळीला आणून, टेन्शनरचा रॉड, त्याचं रबर टोक आणि गाइड रोलर तपासून बघा. हे रबर वर्षांनी कडक होतं, झिजतं. काही वेळा नुसतं ऑईल भरल्यावर निम्मी खरखर जाते. आणि टॅपेट? थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणून, फिलर गेज (फट मोजायची पट्टी) लावून सेट करायचाच, ते काम स्वस्त आहे. पण एक लक्षात असू द्या: थोडा वाजणारा टॅपेट चालतो, मुका केलेला चालत नाही. फट उरली नाही तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. 'आवाज बंद करा' म्हणून हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हे आधी ऐकवतो.

घाटातली ठकठक मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. इथं दोनच संशयित: वेळेआधी भडकणारं पेट्रोल किंवा बिग एंड. साडेसात अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन, मागे माणूस बसलेला, चढ, आणि तिसरा गिअर. कोणतंही इंजिन तिथं कुरकुरेल. त्याच वळणावर दुसरा गिअर टाकून, इंजिन मोकळं फिरवून बघा. आवाज जागच्या जागी नाहीसा झाला आणि तो पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक, कडकडीत होता, तर पेट्रोल भडकतंय. कार्बन काढणं, कार्बोरेटर साफ करणं, योग्य प्लग टाकणं, आणि मुळात ऑईल जळणं थांबवणं, हे त्याचं औषध. पण आवाज जड, ठोसा मारल्यासारखा असेल, पायटीत जाणवत असेल, तर सपाट रस्त्यावर चाळिशीच्या वेगाला थ्रॉटल झटकन सोडा आणि पुन्हा द्या. सोडणं आणि देणं यांच्या सांध्यावर 'ठक्' लागला तर बिग एंडचं नाव घ्यावं लागेल. इंजिन तापल्यावर, ऑईल पातळ झाल्यावर हा आवाज वाढतो, पिस्टनच्या बरोबर उलट. आणि बिग एंड ठोकत असेल तर गाडी घरी न्या आणि थांबवा. घाट बंद. रॉड तुटला तर तो केसिंग फोडून बाहेर येतो, मग ११ हजारांत भागत नाही.

इथं मला माझी एक जुनी चूक सांगायला हवी. गॅरेज काढून तीनचार वर्षं झाली असतील. गगनबावड्याच्या रस्त्याने दूध आणणाऱ्या एकाची याच जातीची गाडी आली. जड ठोका, बरोबर क्रँकच्या तालात. मी ऐकलं आणि सांगून टाकलं, बिग एंड गेला. इंजिन उतरवलं, केसिंग उघडली, क्रँक हातात घेतला, तर रॉड खणखणीत. वर-खाली केसभर हालचाल नाही. दोष होता मॅग्नेटच्या नटाचा. तो सैल होऊन मॅग्नेट शाफ्टवर डुलत होता. दहा मिनिटांचं काम, मी दोन दिवस इंजिन खोललं. मजुरी घेतली नाही, दूधवाल्याने मात्र ती गोष्ट वाटेवरच्या प्रत्येक डेअरीत सांगितली. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: बिग एंड म्हणायच्या आधी मॅग्नेटचा नट आणि क्लचकडचा नट, दोन्ही हाताने तपासायचे. मॅग्नेटचं कव्हर निघालेलंच असतं, मग पाना लावून पिस्टन टॉपवर आणायचा आणि क्रँक मागे-पुढे किंचित हलवायचा. रॉड ढिला असेल तर हाताला 'टक्' अशी मोकळी जागा लागते. कारमध्ये एकेका सिलिंडरचा प्लग काढून ठोका कुठला ते शोधतात. इथं सिलिंडर एकच, प्लग काढला की मैफलच बंद.

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) लावणारा मेकॅनिक मिळाला तर लावून घ्या, तापलेल्या इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. आकडा कमी आला की प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजायची पद्धत आहे: वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. उभ्या ब्लॉकवर हे ठीक. या इंजिनाचा ब्लॉक जवळपास आडवा झोपलेला आहे, ऑईल खालच्या अंगाला साठतं आणि रिंगेभोवती सगळीकडे पसरत नाही. त्यामुळे या चाचणीवर एकटीवर इंजिन उघडायचा निर्णय घेऊ नका. घाटातला धूर तिच्यापेक्षा खरा बोलतो.

ऑईल काढाल तेव्हा स्वच्छ पांढऱ्या डब्यात काढा आणि उन्हात बघा. नुसता करडा, रेशमी चिखल हे वयाचं लक्षण आहे. चमचमणारे कण दिसले तर चुंबक फिरवा: चिकटले तर पोलाद, बेअरिंग, गिअर किंवा चेन; न चिकटणारे पांढरे असतील तर अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे पिस्टन, हेड किंवा केसिंग. या इंजिनात कागदी फिल्टर नाही. क्रँकच्या उजव्या टोकाला एक फिरती वाटी आहे, घाण तिच्या कडेला फेकली जाऊन जमते, आणि खाली एक जाळी आहे. उजवं कव्हर काढल्याशिवाय ही दोन्ही साफ होत नाहीत, म्हणून ८२ हजार किलोमीटरमध्ये कोणी ती उघडलीच नसेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. जाळी भरली असेल तर ऑईल पूर्ण असूनही पंपाला मिळत नाही. कव्हर उघडलंच आहे तर क्लचकडचा नटही तेव्हाच बघून होतो.

इथवर आलो ते एकदा जोडून घेतो. ऑईल मोजा, गळती बघा, मित्राला मागे ठेवून धूर बघा, वाटी-जाळी साफ करा, टॅपेट व टेन्शनर बघा, दोन्ही नट बघा. या सगळ्याला आमच्या इथे हजार-बाराशेच्या आत खर्च येतो, टेन्शनरचं सामान बदललं तर थोडा जास्त. आणि एवढं झाल्यावर ११ हजारांचा प्रश्न उरतो की नाही, ते कळतं.

उरला, तर निर्णय तीन पायऱ्यांवर आहे. फक्त व्हॉल्व्हकडून ऑईल जात असेल तर हेड उतरवून सील, गरज असेल तर गाइड, व्हॉल्व्ह घासून बसवणं. रिंगा-बोअर गेले असतील तर हाफ इंजिन, म्हणजे फक्त वरचं, पिस्टन-ब्लॉकचं काम. बिग एंड गेला असेल तर फुल. माझ्या गॅरेजात हाफला पाच-साडेपाच हजार पडतात आणि फुलला नऊ ते बारा, त्यामुळे तुम्हाला सांगितलेला आकडा लुटीचा नाही. चूक फक्त ही की तो मोजमापाआधी सांगितला.

हाफमध्ये थांबायचं की खालीही हात घालायचा, हा सर्वांत अवघड भाग. ब्लॉक निघाल्यावर रॉड हातात येतो. तो बाजूला थोडा सरकला तर घाबरू नका, तेवढी फट लागतेच. पण वर-खाली जराही हालला तर वादच नाही, क्रँक काढायचा. हालत नसेल, क्रँक हाताने फिरवताना घरघर लागत नसेल, तर मी हाफवर थांबतो. इथं आमच्या धंद्यात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, ८२ हजार झालेत, वर नवा पिस्टन आला की दाब वाढतो आणि जुना रॉड सहा महिन्यांत जातो, तेव्हा सगळं एकदाच करा. यात तथ्य आहे, मी तसे रॉड गेलेले बघितलेत. पण त्यात बहुतेक गाड्यांचं ऑईल वर्षानुवर्षं तळाला गेलेलं होतं. तुमची गाडी अर्ध्या ऑईलवर किती वेळा चालली हे वडिलांना विचारा. एकदाच झालं असेल तर हाफ. दरवेळीच तसं होत असेल, आणि रोज घाट असेल, तर मी माझ्या स्वतःच्या गाडीचं फुल करीन.

काम देताना कोणाकडे द्यायचं यापेक्षा कसं होतंय ते बघा. ब्लॉक बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आणि दोन दिशांनी मोजला पाहिजे. पिस्टन एकाच दिशेला जास्त घासतो, त्यामुळे बोअर अंडाकृती होतो. या इंजिनाचा मूळ बोअर ५० मिलिमीटर. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने वाढत जातात. आधी पिस्टन विकत घ्यायचा, तो लेथवाल्याच्या हातात द्यायचा, आणि त्याच्या मापावर बोअर करायचा. उलट करणारे आहेत, 'पाव करून आणतो, पिस्टन मग घेऊ' म्हणणारे, त्यांच्याकडे जाऊ नका. होनिंगनंतर (बोअर बारीक खडीने घासल्यावर) बोअरमध्ये बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसली पाहिजे, तिच्यात ऑईल टिकतं. आणि ब्लॉक नुसता पेट्रोलने पुसून चालत नाही. साबण आणि गरम पाण्याने, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत धुवायचा, लगेच कोरडा करून ऑईल लावायचं. होनिंगची खडी आत राहिली तर नव्या रिंगा हजार किलोमीटरमध्ये संपतात आणि दोष पिस्टनच्या कंपनीवर जातो.

क्रँकला नवा रॉड टाकायचा म्हणजे हायड्रॉलिक प्रेसवर पिन काढून पुन्हा दाबायची, आणि मग दोन आधारांवर फिरवून डायल गेजने सरळ करायची. इथं खरा कारागीर लागतो. उद्यमनगरात मी ज्याच्याकडे क्रँक देतो तो तांब्याच्या हातोड्याचा एकेक ठोका मारून काटा बघत बसतो, अर्धा तास कोणाशी बोलत नाही. साताऱ्यातही असा माणूस असणार. गॅरेजवाल्याला विचारा की क्रँक कुठे देता, आणि तिथे स्वतः जाऊन डायल गेज आहे का बघा. नुसता 'अंदाजाने सरळ' केलेला क्रँक गाडीला थरथर देतो आणि बेअरिंगं खातो. मेन बेअरिंगं आणि सगळी ऑईल सीलं त्याच वेळी नवी. केसिंग दोनदा उघडायची नसते.

सुट्या भागांची काळजी नको. हीरो आणि होंडा २०११ च्या सुमारास वेगळे झाले, पण ९७.२ सीसीचं हे इंजिन बंद झालं नाही. फक्त दुकानात 'स्प्लेंडरचा पिस्टन द्या' म्हणू नका, साल आणि मॉडेल सांगा, जुना पिस्टन सोबत न्या. अर्ध्या किमतीचं लोकल किट दिसेल. चेन-स्प्रॉकेट लोकल घेतलंत तर मी काही म्हणणार नाही, पिस्टन, रिंगा आणि रॉड मात्र कंपनीचेच. आणि काम देतानाच सांगून ठेवा की जुनं सामान परत हवंय.

विकण्याबद्दल. आवाज करणारी गाडी घेणारा इंजिनाचा पूर्ण खर्च किमतीतून आधीच वजा करतो, त्यामुळे आता विकून तुम्ही तो खर्च वाचवत नाही, दुसऱ्याच्या खिशातून करवता एवढंच. त्यापेक्षा आरसी बुक काढा. २००७ ची नोंदणी म्हणजे १५ वर्षं २०२२ मध्ये संपली. नूतनीकरण झालं असेल तर ते ५ वर्षांचं, आणि २०२७ मध्ये पुन्हा फिटनेस, पर्यावरण कर, सगळं आहे. झालंच नसेल तर इंजिनाआधी ते. चॅसीला गंज, स्विंग आर्मचे बुश, हँडलचे कोन, वायरिंग, हेही बघा. चॅसी सडलेली असेल तर नव्या इंजिनाला काय करायचंय? पण चॅसी ठणठणीत असेल आणि वडील अजून गाडी चालवत असतील, तर मी विका म्हणणार नाही.

इंजिन बांधून आल्यावर पहिले ५०० किलोमीटर सांभाळा, पण लाड करू नका. घरासमोर तासभर रिकामी चालू ठेवणं हा सर्वांत वाईट प्रकार. वेग कमी-जास्त करत चालवा, मोठ्या गिअरमध्ये ओढायला लावू नका, पूर्ण थ्रॉटल नको, यवतेश्वर चढायचाच असेल तर एकट्याने आणि दुसऱ्या गिअरवर. ३०० ला ऑईल बदला, त्यात चमक दिसेल, ती नव्या रिंगांची, पहिल्या खेपेला चालते. दुसऱ्या खेपेला दिसली तर गाडी परत गॅरेजला.

आता तुमची शेवटची शंका. पाव मिलिमीटर बोअर वाढला की ९७.२ चं इंजिन ९८.२ सीसीचं होतं, अर्धा मिलिमीटर वाढला तर ९९ च्या जरा वर. एक-दोन सीसीने अ‍ॅव्हरेज पडत नाही. बोअरनंतर अ‍ॅव्हरेज पडलं म्हणणारे बहुतेक पहिल्या हजार किलोमीटरमध्ये मोजतात, रिंगा बसायच्या आत, किंवा त्यांचा कार्बोरेटर काम करताना काढून तसाच, सेट न करता बसवलेला असतो. टाकी फुल करून मोजायचं ते १,५०० नंतर मोजा, दोनदा, त्याच पंपावर.